इंग्रजीच्या तासाला ग्रुप प्रोजेक्ट तोंडी सांगायचाय, स्क्रिप्ट पाठच होत नाहीये, काय करू?

चोपड्याची_पोर
नमस्कार मंडळी, मी एफवाय बीएस्सीला आहे. इंग्रजीच्या मॅडमनी चौघाचौघांचे ग्रुप पाडलेत, प्रत्येक ग्रुपला प्रोजेक्ट करून वर्गासमोर इंग्रजीतून सांगायचाय, सात मिनिटं बोलणं आणि मग तीन मिनिटं प्रश्न. चौघांनीही बोललंच पाहिजे आणि कागदात बघून वाचलं तर मार्क कापणार असं आधीच सांगितलंय. आमचा नंबर पुढच्या आठवड्यात आहे.
टॉपिक आम्ही सोशल मीडियाचे फायदे तोटे घेतलाय. स्क्रिप्ट नेटवरून काढली, पाठ करतेय पण मधलं एक वाक्य विसरलं की पुढचं सगळंच जातं. ग्रुपचं म्हणाल तर एक जण इंग्लिश मीडियमचा, तो म्हणतो मीच सगळं बोलतो तुम्ही स्लाइडी बदला. एक यावलकडचा, घरची केळी, इंग्रजीचं नाव काढलं की कँटीनला पळतो. आणि एक मैत्रीण सातपुड्यातल्या पाड्यावरची, घरी पावरी बोलते, आश्रमशाळेत शिकलेली, ती वर्गात मराठीतसुद्धा दोन शब्द बोलत नाही. मी मराठी मीडियम, घरी अहिराणी. लिहिता बऱ्यापैकी येतं पण उभं राहिलं की तोंड कोरडं पडतं. कुणी काही सांगा प्लीज.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
सोशल मीडिया फायदे तोटे 😂😂 बहिणी, तुझ्या वर्गात अजून तीन ग्रुप हाच टॉपिक घेऊन येतील आणि चौघांचीही स्क्रिप्ट एकाच वेबसाइटवरची निघेल. उरलेले ग्लोबल वॉर्मिंग. मॅडमनी सकाळी चहा घेतला नसेल तर तिथंच झोपतील.

मास्तर_अमळनेर
शेवभाजीबुवा हसतायत पण बरोबर बोलतायत. मी इंग्रजी शिकवूनच रिटायर झालो, तेव्हा मास्तराच्या खुर्चीत बसून काय ऐकू येतं तेवढं सांगतो.
नेटवरची स्क्रिप्ट दुसऱ्या वाक्यालाच कळते बेटा. पोरगं एरवी साधं वाक्य जुळवताना अडखळतं आणि इथं एकदम "इट इज अ‍ॅन अनडिनायेबल फॅक्ट दॅट" म्हणायला लागतं, मग आम्ही पेन खाली ठेवतो. बरं, ती पाठ का होत नाही? कारण त्यात तुझं काहीच नाही. जे तू डोळ्यांनी बघितलंय ते विसरत नाहीस, एक शब्द गेला तर दुसरा सापडतो. जे कधी बघितलंच नाही ते फक्त शब्दांवर टांगलेलं असतं, एक खिळा निघाला की सगळं खाली.
म्हणून आधी टॉपिक बदला, वेळ आहे अजून. तुमच्यातल्या एकाच्या घरी केळी आहे म्हणतेस आणि तुम्ही सोशल मीडियावर बोलताय! अवघड आहे.
दुसरं म्हणजे हिशोब कर. आपल्याकडचं मूल इंग्रजीत समजेल असं बोललं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात. सात मिनिटांचे ७०० आणि चौघांत वाटले तर एकेकाला पावणेदोनशे. म्हणजे वहीचं जेमतेम एक पान. तुमची स्क्रिप्ट किती पानी आहे ते मोज आणि मला सांग.

चोपड्याची_पोर
सर, सहा पानं 🙈 तेही माझ्या एकटीच्या वाट्याची दोन.

मास्तर_अमळनेर
तरीच. दोन पानं पावणेदोन मिनिटांत म्हणायची तर राजधानी एक्सप्रेस लागेल.

भुसावळ_जंक्शन
राजधानी आमच्या जळगावलाही उभी राहते सर, एवढी काही वाईट नाही 😀
पण मी थोडं वेगळं बोलतो. पाठांतराला उगाच नावं ठेवू नका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला, पुण्यात आलो तेव्हा पहिले इंटरव्ह्यू शब्दन् शब्द पाठ करून दिले आणि त्यावरच नोकरी लागली. "स्वतःच्या शब्दांत बोला" हे सांगायला फार छान वाटतं पण ज्याच्याकडे इंग्रजीचे शब्दच नाहीत त्याने कुठून आणायचे? इंग्लिश मीडियमवाल्याला जमतं ते आपल्याला पहिल्या फटक्यात नाही जमत. आपल्याला काहीतरी हातात धरायला लागतंच.

मास्तर_अमळनेर
मुद्दा मान्य. पण तुमच्या इंटरव्ह्यूत तुम्हाला तुमचंच नाव गाव शिक्षण सांगायचं होतं, दुसऱ्याचा निबंध नव्हता. मी पाठच करू नका म्हणत नाही. पहिली दोन वाक्यं घोटून पाठ करा, झोपेतून उठवलं तरी आली पाहिजेत, कारण पाय थरथरतात ते पहिल्या अर्ध्या मिनिटात. शेवटचं एक वाक्य पाठ, म्हणजे "दॅट्स ऑल" म्हणून पळून जावं लागणार नाही. आणि पुढच्या माणसाला हवाली करायचं वाक्य पाठ. मधलं पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार पाच शब्द लिहून, त्या शब्दांकडे बघून रोज वेगवेगळ्या वाक्यांत बोलायचं. रोज वेगळं आलं पाहिजे. रोज तेच यायला लागलं की समजा परत पाठांतर सुरू झालं.

भुसावळ_जंक्शन
हे चालेल. कार्डाचं आमच्या ऑफिसातही असंच करतात, फक्त मोठे साहेब लोक करतात म्हणून त्याला कुणी हसत नाही.

अजिंठा_लेणी_फॅन
टॉपिक बदलणार असाल तर आपल्या भागातले ढीगभर आहेत. फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन १९३६, खेडेगावात भरलेलं पहिलं, अध्यक्ष नेहरू. नाहीतर विप्रोची सुरुवात अमळनेरच्या तेलाच्या कारखान्यातून १९४५ ला झाली, हे वर्गातल्या निम्म्या पोरांना माहीतच नसतं. किंवा जळगाव जिल्ह्यातली अजिंठा लेणी.

वाघूर_काठ
अजिंठा जळगाव जिल्ह्यात नाही हो फॅनसाहेब. जळगावहून जवळ पडतं म्हणून आपण आपलं म्हणतो, पण जिल्हा संभाजीनगर. पोरांनी वर्गात असं सांगितलं आणि प्रश्नोत्तरात कुणी धरलं तर?

अजिंठा_लेणी_फॅन
लेण्यांखालची वाघूर नदी तर आपलीच ना 😏

चोपड्याची_पोर
ग्रुपला विचारलं, केळीवर सगळे तयार! यावलवाला तर पहिल्यांदा मीटिंगला वेळेवर आला. पण भीती ही की केळीत सांगण्यासारखं काय, सगळ्यांनाच माहितीये ना. वर्गातल्या अर्ध्या पोरांच्या शेतात केळी आहे.

कांदेबाग
ताई, केळी लावणारा माणूस म्हणून बोलतो, इंग्रजीचं मला विचारू नका. सगळ्यांना माहितीये असं वाटतं, पण तुमच्या वर्गात उभं राहून विचारा की केळीचं झाड आहे का? सगळे हो म्हणतील. ते झाडच नाही. त्याला लाकूड नसतं. जे खोड दिसतं ते पानांचे देठ एकात एक गुंडाळलेले असतात, खरं खोड म्हणजे कंद, तो जमिनीत. सायन्सची पोरं ना तुम्ही? मग आडवं कापून दाखवा, आत कांद्यासारखे पदर दिसतात.
एक घड दिला की ते खोड संपलं. बाजूला पील, म्हणजे नवा कोंब येतो, तो ठेवला की पिलबाग. आमच्या आज्याच्या काळी बसराई जात, मग श्रीमंती नावाची जात आली, कंद लावायचे आणि माल यायला दीड वर्ष लागायचं. आता टिश्यूची, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं, जी नाईन जात, वर्षभरात घड कापायला येतो. जूनमध्ये लावली तर मृगबाग, पावसाळा सरता सरता लावली तर कांदेबाग, माझं नाव त्यावरूनच.
रोगाचं सांगायचं तर करपा आहे, तो बुरशीचा, फवारणीने आटोक्यात येतो. आणि हरण्या, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक) व्हायरस. त्याला औषध नाही. पानावर पिवळे पट्टे दिसले की रोप उपटून बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं. मावा हा बारीक किडा तो पसरवतो, म्हणून केळीजवळ काकडी, भोपळा, गिलके असलं काही लावू नये सांगतात. ज्या वर्षी हरण्या येतो त्या वर्षी पोटच्या पोरासारखं वाढवलेलं रोप स्वतःच्या हाताने उपटताना काय होतं ते त्या यावलवाल्याला विचारा, तो सांगेल.
मग वारा. बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज गवत लावतो ते कशासाठी? मे महिन्यातल्या झळा आणि पावसाआधीचं वादळ. अर्ध्या तासात बाग आडवी होते. आणि भाव, त्यावर तर सात मिनिटं मी एकटाच बोलेन, बऱ्हाणपूरचा भाव वेगळा, आपला वेगळा, आणि व्यापारी म्हणेल तो तिसराच.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
आप्पा तुम्हीच जा वर्गात 🙏

मास्तर_अमळनेर
बघ बेटा, एवढ्यात चौघांचं सामान निघालं. पण सगळं घेऊ नका. सात मिनिटांत केळीचा इतिहास, जाती, रोग, बाजार, निर्यात, पाककृती असं कोंबलं की प्रत्येक गोष्टीला दोन वाक्यं मिळतात आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. एक प्रश्न धरा. उदाहरणार्थ, रोप लावल्यापासून घड ट्रकमध्ये चढेपर्यंत त्याला काय काय धोके असतात. मग पहिला बोलेल रोप कसलं असतं, दुसरा रोग, तिसरा वारा आणि ऊन, चौथा कापणी आणि भरणी. भाव प्रश्नोत्तरासाठी राखून ठेवा, कुणीतरी विचारणारच.
जीआय टॅगचं, म्हणजे त्या भागाची खासियत असल्याच्या सरकारी मानांकनाचं, एका वाक्यात सांगता येईल. जळगावच्या केळीला २०१६ ला मिळाला, भरिताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. वर्गात वांग्याचं नाव काढलं की पोरं आपोआप जागी होतात.

धडगावची_बाई
मी तिकडच्या आश्रमशाळेत शिकवते. मला त्या पाड्यावरच्या मुलीबद्दल बोलायचंय, कारण बाकी सगळ्यांबद्दल बोलून झालं आणि तिच्याबद्दल कुणीच नाही.
ग्रुपमध्ये अशी मुलगी असली की बाकीचे दयेपोटी तिला "थँक यू फॉर लिसनिंग" एवढंच देतात. करू नका. तिची पावरी, मग मराठी, मग हिंदी आणि आता इंग्रजी, तुमच्या इंग्लिश मीडियमवाल्यापेक्षा जास्त भाषांत ती रोज वावरते. ती गप्प असते कारण तिच्या बोलण्यावर कुणीतरी कधीतरी हसलेलं असतं.
तिला विचारा की यातला कुठला भाग तुला सांगायला आवडेल. तुम्ही ठरवून देऊ नका. आणि बोलताना तिच्या हातात काहीतरी वस्तू द्या. माझा अनुभव आहे, हात मोकळे असले की मुलं ओढणीचं टोक पिळत बसतात, हातात दाखवायची वस्तू असली की नजर वस्तूवर जाते, वर्गाचीही आणि तिचीही, आणि वाक्यं छोटी छोटी आपोआप येतात. "धिस इज... वी होल्ड इट लाइक धिस... नॉट लाइक धिस." एवढ्या इंग्रजीत बरंच काही सांगता येतं.

चोपड्याची_पोर
बाई, तुमची पोस्ट वाचली आणि आज तिला विचारलं. आधी नुसती हसली. मग म्हणाली की तिचे मामा केळी भरणाऱ्या टोळीत आहेत, सुट्टीत तीही जायची. घड कापताना एकाने खालून तोलून धरायचा, दुसऱ्याने दांडा कापायचा, घड जमिनीला लागू द्यायचा नाही, खांद्यावर गादी घेऊन न्यायचा आणि गाडीत खाली केळीची पानं अंथरून मग रचायचा, कारण आज नुसता घासला तरी दोन दिवसांनी तिथं काळा डाग पडतो आणि व्यापारी तेवढ्यासाठी भाव पाडतो. हे सगळं तिने मला कँटीनच्या बाकावर दप्तर उचलून करून दाखवलं!! यावलवाला म्हणतो आमच्या घरची केळी असून मला यातलं अर्धं माहीत नव्हतं. तर कापणी आणि भरणी तिच्याकडे.

धडगावची_बाई
❤️ दप्तरच घेऊन उभी राहू दे तिला. खरा घड वर्गात आणू नका, जड असतो.

भुसावळ_जंक्शन
आता त्या इंग्लिश मीडियमवाल्याचं. त्याला बाजूला टाकू नका, पण सगळं बोलूही देऊ नका, मॅडमना ते लगेच दिसतं. त्याला प्रश्नोत्तरं सांभाळायला द्या. प्रश्न आला की तो सगळ्यांना ऐकू जाईल असा परत म्हणायचा आणि मग ज्याचा विषय त्याच्याकडे सोपवायचा. यात दुसऱ्याला विचार करायला चार सेकंद मिळतात, ते चार सेकंद म्हणजे सोनं असतं. आणि त्याला सांगा हळू बोल. फाडफाड बोलणाऱ्यांची अडचण ही की त्यांना वाटतं समोरच्याला कळलं.
प्रश्न कळला नाही तर सरळ "कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?" उत्तर येत नसेल तर "आय अ‍ॅम नॉट शुअर, आय विल फाइंड आउट." यात लाज काही नाही. ठोकून दिलेलं उत्तर शेतकऱ्याच्या पोराने पकडलं तर मात्र आहे.

चोपड्याची_पोर
सुरुवात मी करणार आहे, म्हणजे रोपाचा भाग माझा. अशी लिहिलीय, जरा बघा ना सर:
"रिस्पेक्टेड मॅडम अँड माय डिअर फ्रेंड्स, टुडे आय अ‍ॅम गोइंग टू प्रेझेंट माय व्ह्यूज ऑन द टॉपिक बनाना कल्टिव्हेशन इन जळगाव डिस्ट्रिक्ट. बनाना इज अ व्हेरी इम्पॉर्टंट फ्रूट. इट इज रिच इन कार्बोहायड्रेट्स अँड प्लेज अ व्हायटल रोल इन ह्यूमन लाइफ."

मास्तर_अमळनेर
व्याकरण ठीक आहे, चूक नाही. पण हे ऐकून मी खिडकीबाहेर बघायला लागेन. कांदेबागरावांनी आयती सुरुवात दिलीय ती घे. खोडाचा एक तुकडा आडवा कापून आण, वर धर आणि म्हण:
"गुड मॉर्निंग. धिस इज नॉट वुड. अ बनाना प्लांट इज नॉट अ ट्री. लुक, धीज आर लीव्ह्ज, वन इनसाइड अनदर. द रिअल स्टेम इज अंडर द ग्राउंड."
मोजून बघ, एकही वाक्य दहा शब्दांच्या वर नाही आणि त्यात पाठ करायला लागेल असं काहीच नाही, कारण वस्तू हातात आहे. "रिस्पेक्टेड मॅडम"ने सुरू केलं तरी कुणी मार्क कापत नाही, तुला त्यात धीर येत असेल तर ठेव, पण "व्हायटल रोल" काढ. आजवर तपासलेल्या प्रत्येक निबंधात तो व्हायटल रोल होता, पार वैताग आलाय त्याचा.
उच्चारांचं फार मनावर घेऊ नको, आपला सूर आपलाच राहणार, राहू दे. फक्त जोर कुठे द्यायचा ते बघ, चुकीच्या जागी जोर पडला की ओळखीचा शब्दही समोरच्याला कळत नाही. "अ‍ॅग्रिकल्चर"मध्ये जोर अगदी सुरुवातीला. "व्हरायटी"मध्ये रा वर. "डिझीज" मध्ये शेवटाला, झी लांबवून. तुमच्या विषयात हेच तीन शब्द सारखे येणार आहेत.

कांदेबाग
खोडाचा तुकडा नेताना जपून बरं का. चीक कपड्यावर पडला की डाग जन्मात जात नाही. पेपरात गुंडाळा, सकाळीच कापा, आदल्या रात्री कापला तर काळा पडेल. आणि त्या दिवशी पांढरे कपडे घालू नका कोणी.

शेवभाजी_एक्स्ट्रा_तर्री
हा मुद्दा कुठल्याच इंग्रजीच्या पुस्तकात सापडणार नाही 😂

टेक_वाला_धुळे
कुणी मशीनचं बोललंच नाही म्हणून लिहितो. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो, सगळं विस्कटतं, म्हणून स्लाइडची पीडीएफ पण ठेवा, पेनड्राइव्हमध्ये एक आणि एकाच्या मेलवर एक. नेटवरून उघडू असं म्हणू नका. लाइट गेली तर? आपल्याकडे जातेच. दोन ड्रॉइंग शीटवर मार्करने मोठी चित्रं काढून न्या, एकावर घड आणि फण्या, दुसऱ्यावर हरण्याचं पान. खरं सांगू का, प्रोजेक्टर चालला तरी शीटच वापरा असं माझं मत, मागच्या बाकावरच्यांना पडद्यावरचं बारीक काही दिसत नसतं. स्लाइडी चारच, फोटो मोठे, शब्द कमी. आणि स्लाइडवरचं वाचून दाखवायचं असेल तर मॅडमना मेलच करा ना.
दुसरी आयडिया, फोनच्या कीबोर्डवर माईक असतो, भाषा इंग्लिश इंडिया ठेवा आणि आपला भाग बोला. जे शब्द फोन भलतेच टाइप करतो तेवढ्यांवरच मेहनत घ्या. फोन हसत नाही हा मोठा फायदा.

चोपड्याची_पोर
माईकचं भारी आहे! आम्ही चौघांनी केलं. माझं "सकर" (म्हणजे पील) त्याने "सॉकर" लिहिलं. मैत्रिणीचं "शोल्डर" पहिल्याच वेळी बरोबर आलं, इंग्लिश मीडियमवाल्याचं मात्र भराभर बोलल्यामुळे अर्धं वाक्यच गायब, त्यामुळे तो आता जरा हळू बोलतोय 😄 आज एकदा घड्याळ लावून सगळं केलं, नऊ मिनिटं झाली.

मास्तर_अमळनेर
यावलवाल्याचा भाग कापा, तोच लांबला असणार. घरचा विषय असला की माणूस थांबत नाही.

चोपड्याची_पोर
हो त्याचाच! हरण्यावर एकटा चार मिनिटं बोलला, तेही थांबत थांबत पण इंग्रजीतच, मध्ये मध्ये मराठी शब्द घालून. मला कापायला जीवावर येतंय.

भुसावळ_जंक्शन
मग वारा आणि ऊन काढून टाका. तो भाग गेला की इंग्लिश मीडियमवाल्याला सुरुवातीचा अर्धा मिनिट ओळख आणि शेवटी प्रश्नोत्तरं, बास. चौघांनी बोललं पाहिजे ही अट पूर्ण होते. तरी यावलवाल्याला अडीच मिनिटांत बसायला सांगा.

मास्तर_अमळनेर
पटलं. फक्त ओळख करून देताना त्याने खोडाचं आधीच फोडू नये. नाव आणि विषय सांगून गप्प बसायचं.

चोपड्याची_पोर
चालेल सर. अजून एक, खोडाचा तुकडा आणि हरण्या लागलेलं पान कुठून आणायचं? यावलवाल्याच्या बागेत सध्या कापणी नाही, आणि तो म्हणतो हरण्याची रोपं तर सगळी उपटून टाकली.

कांदेबाग
हरण्याचं पान कोणाच्याही बागेतून घेऊन फिरू नका, त्याचा फोटोच दाखवा. खोडाचं म्हणाल तर शनिवारी आमच्याकडे अडावदला कापणी आहे. सकाळी सातला टोळी येते, नऊपर्यंत गाडी भरून निघते. चौघं या, हवा तेवढा तुकडा घ्या, सोमवारपर्यंत टिकवायचा तर मोठा न्या आणि वर्गात जायच्या आधी दोन्ही टोकं नव्याने कापा. तुमच्या मैत्रिणीला भरणीचे फोटोही काढता येतील, टोळीवाल्यांना विचारून. जुने कपडे घाला.

चोपड्याची_पोर
येतो आप्पा, चौघंही. यावलवाला विचारतोय की भावाचा प्रश्न आला तर काय सांगायचं तेही तिथंच सांगाल का?

कांदेबाग
त्यासाठी नाश्त्याला थांबावं लागेल.